डाव सरांवर, घाव तिसऱ्यालाच : मुख्याध्यापकांना काशीदहून खुले पत्र

महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांच्या सर्व सन्माननीय मुख्याध्यापकांस, तसेच सहलीची जबाबदारी अंगावर घेणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांस,



मी शिक्षक नाही. मुरूड तालुक्यातल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो आणि आता काशीदला घरच्या खानावळीच्या गल्ल्यावर बसतो. प्रयोगशाळा सहायकाची शाळेतली जागा अधलीमधली असते. शिक्षक त्याच्यासमोर मोकळेपणी बोलतात आणि मुलंही बोलतात, कारण तो मार्क देत नाही आणि मारतही नाही. कोणत्या वर्गात कोणत्या सरांची जिरवायचं घाटतंय, हे मला बऱ्याचदा सरांच्या आधी कळायचं. त्या जागेवरून जे दिसलं तेच इथे लिहितो आहे. तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून स्पष्ट लिहितो. काही कडू लागलं तरी पत्र शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

डिसेंबर उजाडला की आमच्या रस्त्यावर सहलींच्या गाड्या सुरू होतात. अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, बोर्ली आणि मग काशीद. इथून पुढे मुरूड आणि राजपुरीहून होडीने जंजिरा. बऱ्याचशा गाड्या एसटीच्या असतात, कारण शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते. मुलं घाटावरची. कित्येकांनी समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलेला असतो. गाडी सुरूच्या बनाशी थांबते न थांबते तोच ती वाळूकडे धावत सुटतात. त्यांचा तो कालवा ऐकला की मला अजूनही बरं वाटतं.

गेल्या हंगामात अशाच एका सहलीत जे घडलं, ते आधी सांगतो. शाळेचं नाव लिहीत नाही आणि गावही नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल.

नववीचा वर्ग होता. सहलीला मोबाइल आणायचा नाही असा नियम, तरी एका मुलाने आणला होता. साळावच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी तो सरांच्या हाती लागला. सरांनी तो जप्त करून पिशवीत टाकला असता, तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण गाडीत भेंड्यांसाठी माइक आणलेला होता. सरांनी त्या मुलाला मधल्या वाटेत उभं केलं, फोन उघडायला लावला आणि वर्गातल्याच एका मुलीला त्याने पाठवलेले मेसेज माइकवरून वाचून दाखवले. आवाज काढून, हावभावांसकट. सगळी गाडी हसली. ती मुलगी त्याच गाडीत, खिडकीशी बसलेली होती.

जेवायला ही मंडळी आमच्याकडेच होती. त्या मुलाने ताटाला हात लावला नाही, हे वाढणाऱ्या पोरीने मला नंतर सांगितलं. जेवणानंतर मुलांना वाळूवर सोडलं, तेव्हा त्याने दोन मित्रांना घेऊन बेत रचला. शर्ट, चपला आणि टोपी पाण्याच्या कडेला काढून ठेवली आणि एका मित्राबरोबर सुरूच्या बनात जाऊन लपला. दुसरा धापा टाकत सरांकडे गेला. "सर, तो आत गेला. दिसत नाहीये."

सरांनी ते कपडे पाहिले आणि बुटांसकट पाण्यात धाव घेतली.

ओहोटी लागलेली होती. काशीदची वाळू पांढरीशुभ्र आणि दिसायला सपाट, पण पाण्याखाली ती एकदम उतरते. आता गुडघाभर पाण्यात असलेला माणूस दोन पावलांवर छातीभर पाण्यात जातो, आणि परतणारी लाट पायाखालची वाळूच काढून नेते. सरांना पोहता येत नव्हतं. दुसऱ्याच लाटेने त्यांना आडवं केलं. शिट्ट्या वाजल्या. जीवरक्षक धावला, त्याच्या मागोमाग बनाना बोटीवर काम करणारा आमच्या गावचा एक पोरगा. दोघांनी सरांना ओढून काढलं, पण त्या झटापटीत बोटीची कड लागून पोराचा खांदा निखळला. सर वाळूवर पालथे पडून खारं पाणी ओकत होते आणि मध्येच मान उचलून "तो आत आहे, त्याला काढा" एवढंच म्हणत होते. तेवढ्यात तो बनातून बाहेर आला. बरोबरच्या मित्राच्या हातात अर्धं खाल्लेलं मक्याचं कणीस तसंच होतं.

सर वाचले. त्यांना मुरूडला दवाखान्यात नेलं, गाडी खोळंबली, आणि त्या तिघांना आमच्या पडवीत बसवून ठेवलं. मी चहा दिला, तो निवून गेला. बऱ्याच वेळाने तो मुलगा एकच वाक्य बोलला, "सरांनी एकदा सगळ्यांसमोर घाबरावं, एवढंच होतं, काका."

मला त्या मुलात दुष्टपणा दिसला नाही. सरही दुष्ट नव्हते. पोहता येत नसताना बुटांसकट समुद्रात शिरणाऱ्या माणसाचा मुलांवर जीव असतो, हे कुणी मला सांगायला नको. तरीही दुपारच्या चार तासांत ही दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठल्यासारखी वागली. का, याचा मी फार विचार केला. त्या मुलाला दाद मागायला कुठेही जागा नव्हती, म्हणून त्याने सूड उगवला. आणि सुडाचा वार ज्याच्यावर धरलेला असतो त्याच्यापाशी थांबत नाही, शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्यालाच लागतो. बहुतेक वेळा तो तिसरा त्या सगळ्यांत दुबळा असतो. इथे तो बोटीवरचा पोरगा होता. हंगामाचे दिवस, हात गळ्यात बांधलेला, रोजगार बुडाला. त्याने ना कुणाचा फोन वाचला होता, ना कुणाची खोडी काढली होती.

सरांची घाबरगुंडी उडाली म्हणून नंतर कुणी हसलं, तर त्याला आमच्या किनाऱ्याचा इतिहास माहीत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुलंमुली बुडाली. त्या संध्याकाळी अख्खा तालुका किनाऱ्यावर होता. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींसाठी नियमांची लांबलचक यादी काढली. पुढे जानेवारी २०२३ मध्ये खुद्द काशीदला, संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडहून आलेल्या शाळेच्या सहलीतली दहावीची दोन मुलं गेली. सहल घेऊन येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या मनात ही भीती असते. त्या मुलाने नेमकी तीच नस दाबली. त्याला वर्तमानपत्रातल्या या बातम्या ठाऊक असतील असं मला वाटत नाही, पण सर कशाला भितात हे मुलांना बरोबर कळतं. तुम्ही त्यांना जितकं ओळखता, त्याहून ती तुम्हाला जास्त ओळखतात.

आता माझी पहिली तक्रार. मुलाला चारचौघांत उघडं पाडणं ही शिक्षा आहे, असं तुमच्यापैकी अजून पुष्कळांना वाटतं. छडी आता बहुतेक शाळांतून गेली, ही चांगली गोष्ट झाली. पण छडीची जागा जिभेने घेतली. आडनावावरून टोमणा, बापाच्या धंद्यावरून टोमणा, उत्तरपत्रिका वर्गाला वाचून दाखवणं, केस वाढले म्हणून सगळ्यांदेखत कात्री चालवणं, आणि आता फोन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेच्या जोडीला मानसिक छळही मना केला आहे. दोन्ही एकाच ओळीत आहेत. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणून नववी-दहावीच्या मुलाची विटंबना चालते, असं तुमच्यातला एकही जण उघडपणे म्हणणार नाही. मग वागताना ते का विसरता?

चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला मार विसरता येतो. मार खाल्लेली पोरं मधल्या सुट्टीत तेच सांगत हसताना मी पाहिली आहेत. पण ज्या मुलीसमोर आपण जरा बरं दिसावं असं वाटतं, तिच्यासमोर झालेलं हसं त्याला पचत नाही. घरी सांगता येत नाही, कारण मग मेसेजचंही सांगावं लागतं. मित्रांपुढे रडता येत नाही. मग मित्रांबरोबर बेत रचतो.

आणि त्या मुलीचं काय? सरांना दवाखान्यात नेल्यावर चौकशी झाली ती मुलाची. बाईंनी, इतर सरांनी, ड्रायव्हरनेसुद्धा त्यालाच विचारलं. तिला पाठवलेले मेसेज तिच्या परवानगीशिवाय पन्नास जणांना ऐकवले होते. ती काही न करता गाडीभर चेष्टेचा विषय झाली होती. तिच्याशी कुणी दोन शब्द बोललं नाही. परत जाताना ती पुढच्या बाकावर बाईंच्या शेजारी बसली, एवढं मी पाहिलं. माइक हाती घेताना सरांच्या मनात तिचा विचारही आला नसेल. म्हणजे त्या दुपारचा पहिला तिसरा माणूस तीच, आणि तो वार मुलाने केलेला नव्हता.

माझी दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. ती जरा सविस्तर सांगतो, कारण हे काम माझ्या हातचं आहे.

सोडियम हा धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. चिमट्याने बाहेर काढायचा, टिपकागदावर टिपायचा आणि सुरीने वाटाण्यापेक्षाही लहान तुकडा कापायचा. तो लोण्यासारखा कापला जातो. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकते आणि बघता बघता मळकट होते. पाण्यात टाकला की वितळून गोळी होते, ती पाण्यावर सैरावैरा पळते, हायड्रोजन निघतो आणि उष्णतेने पेट घेतो. पाण्यात उरतो तो कॉस्टिक सोडा, तो कातडी भाजतो. मोठा तुकडा बंद जागेतल्या पाण्यात पडला तर स्फोट होतो. म्हणून त्या बाटलीच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची आणि प्रयोगाच्या आधी नि नंतर तुकडे मोजायचे, असा माझा नेम होता. मुलं चिडवायची त्यावरून.

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या एका शाळेत आठवीच्या काही मुलामुलींनी एका शिक्षिकेवरचा राग काढायला हेच सोडियम शाळेच्या स्वच्छतागृहात ठेवलं. त्यांनी ते ऑनलाइन मागवलं होतं. शिक्षिका तिकडे गेल्याच नाहीत. गेली ती चौथीतली एक चिमुरडी. पाणी सोडलं, स्फोट झाला आणि ती भाजली. दहा वर्षांच्या त्या मुलीला त्या शिक्षिकेचं नाव तरी माहीत होतं की नाही, कोण जाणे. त्याच्या दोन-तीन महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यात बारावीच्या मुलांनी रागावलेल्या विज्ञान शिक्षिकेच्या खुर्चीखाली फटाक्यांचा बॉम्ब ठेवून रिमोटने उडवला. तिथे सुदैवाने मोठी इजा झाली नाही. त्या वर्गातल्या १३ जणांना आठवडाभर शाळेतून निलंबित केलं गेलं.

या बातम्या वाचून तुमच्यापैकी अनेकजण "मोबाइलने पोरं बिघडवली" म्हणाले असतील. मोबाइलमुळे साधन हाताशी आलं, हे खरं. पण राग काही मोबाइलवरून येत नाही. मोबाइल नव्हता तेव्हा आमच्याकडे खाजकुयली होती. फणसाडच्या जंगलाच्या कडेला, कुंपणांवर तिचे वेल चढतात. पावसाळा सरला की शेंगा वाळतात, त्यांच्यावर सोनेरी लव असते, आणि ती अंगाला लागली की माणूस कातडी सोलून काढेल असं खाजवतो. पाण्याने धुतलं तर आणखी पसरते, म्हणून आमच्याकडे शेण चोळतात. हिवाळ्यात ही लव कागदाच्या पुडीत बांधून वर्गात आणायची आणि सरांच्या खुर्चीवर झटकायची, हे कोकणातल्या शाळांना नवं नाही. एका वर्षी आमच्या शाळेत गणिताच्या सरांसाठी ती पुडी आली. सर त्या दिवशी उशिरा आले. त्यांच्या आधी शिपाई मावशी वर्गात आल्या, खुर्चीवर धूळ दिसली म्हणून पदराने पुसली आणि त्याच पदराने घाम पुसला. त्यांचे डोळे इतके सुजले की दोन दिवस त्यांना नीट दिसत नव्हतं. मावशी विधवा होत्या आणि रजा बिनपगारी होती. मुलं त्यांना आजी म्हणत असत.

नंतर शाळेत चौकशी झाली. कुणी केलं, पुडी कुणी आणली, पाळतीवर कोण होता. गणिताच्या सरांनी आदल्या दिवशी वर्गात काय केलं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही. मला ठाऊक होतं, सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. आधी काय झालं, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. तो विचारला म्हणून मुलाचा गुन्हा माफ होत नाही. पण न विचारता दिलेली शिक्षा मुलाला शिक्षा वाटत नाही. सरांनी उलटवलेला डाव वाटतो, आणि मग पुढचा डाव त्याच्याकडे येतो.

तिसरी तक्रार तक्रारपेटीची. शासनाने २०१७ मध्ये प्रत्येक शाळेत तक्रारपेटी लावायला सांगितली. दर्शनी भागात लावायची, ठरल्या दिवशी सगळ्यांसमोर उघडायची, आलेल्या तक्रारीवर कारवाई करायची. पुढे मुलामुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची भयंकर घटना घडल्यावर तेच सगळं पुन्हा लिहून आलं. कागदावर काही कमी नाही. पण तुमच्या शाळेतली पेटी कुठे आहे? मी पाहिलेल्या बहुतेक पेट्या मुख्याध्यापकांच्या दालनाच्या दाराशी, ऑफिसच्या समोर, कॅमेऱ्याच्या खाली. जिथे चिठ्ठी टाकणारा हात सगळ्या शाळेला दिसतो. कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडे हे विचारायला गेलं तर क्लार्क नि शिपाई एकमेकांकडे बघतात. ज्या सरांविरुद्ध तक्रार आहे, तेच सर पेटी उघडणाऱ्यांत असले तर त्या पेटीत कोण कशाला काही टाकेल?

पेटी स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा, वाचनालयात लावा, जिथे मुलं एकेकटी जातात. दर शनिवारी उघडा आणि सोमवारी परिपाठाला, नाव न घेता, "या आठवड्यात इतक्या चिठ्ठ्या आल्या, याचं असं केलं" एवढं सांगा. पहिले काही आठवडे चेष्टेच्या चिठ्ठ्या येतील, सिनेमातल्या नट्यांची नावं येतील. येऊ द्या. मुलं पाहत असतात की ही पेटी खरी आहे का. एकदा खरी ठरली की कामाची चिठ्ठी येते. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर रंगवून घ्या. रंगाऱ्याला फार पैसे पडत नाहीत.

चौथी गोष्ट, घटना घडून गेल्यावर तुम्ही जे करता त्याबद्दल. मला दोनच रीती दिसल्या. एक, झाकपाक. "शाळेचं नाव जाईल, वर्तमानपत्रात येईल, संस्थाचालक काय म्हणतील." दुसरी, दाखला हातावर ठेवणं. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. म्हणून पालकांना बोलावून "तुम्हीच स्वखुशीने दाखला न्या" असं सांगितलं जातं, आणि घाबरलेला बाप सही करतो. नववीनंतर तेवढीही गरज उरत नाही. काशीदच्या त्या मुलाचं तेच झालं. हंगाम संपायच्या आत त्याचा दाखला निघाला, असं ड्रायव्हरने पुढच्या फेरीला सांगितलं. बोटीवरच्या पोराकडे मात्र त्या शाळेतून कुणी फिरकलं नाही.

अशाने कुणाचं काय भलं झालं? मुलाला त्याच्या कृत्याचं ओझं पेलायला शिकवायची संधी होती, ती गेली. त्याला त्या बोटवाल्यासमोर उभं करायला हवं होतं. सरांसमोर आणि वर्गासमोर नव्हे, त्या बोटवाल्यासमोर, त्याच्या घरी, त्याच्या आईसमोर. हात गळ्यात बांधलेला तरुण पाहून त्या मुलाला जे कळलं असतं, ते कोणत्याही माफीनाम्याने कळत नाही. सुट्टीत काही दिवस आमच्याच किनाऱ्यावर जीवरक्षकाबरोबर उभं राहायला लावलं असतं, तरी चाललं असतं. पालकांची तयारी झाली असती असं मला वाटतं, कारण त्या संध्याकाळी फोनवर रडणारा बाप मी ऐकला आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर त्याला सुधारायची वाट आधी दाखवावी, हा बाल न्याय कायद्याचा गाभा आहे. न्यायालय जे करायला बांधील आहे, ते करायला शाळेने का लाजावं?

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. एका वर्गात साठ-साठ मुलं, निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यात वर्षातून एकदा सहल, जिच्यात काही झालं तर पोलीस ठाण्यात तुम्हीच उभे. रात्रभर गाडीत जागे राहता, मुलांच्या ओकाऱ्या पुसता, स्वतःचं जेवण मुलं जेवल्यावर. त्यावर कोणताही भत्ता नाही. आता तर मुलं शिक्षकांच्या चेहऱ्यांची बनावट चित्रंही तयार करू लागली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला नववीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेची अश्लील चित्रं अशी बनवून पसरवल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं. ती बाई वर्गात कशी उभी राहिली असेल? शिक्षक घाबरलेला आहे, हे मी मान्य करतो. घाबरलेला माणूस जरबेने वागतो. म्हणून तर हे पत्र एकट्या शिक्षकाला न लिहिता मुख्याध्यापकांना लिहितो आहे. शिक्षकाच्या पाठीशी आणि मुलाच्या पाठीशी एकाच वेळी उभं राहू शकेल असा माणूस शाळेत एकच असतो.

हे पत्र एखाद्या नववी-दहावीच्या मुलाच्या हाती पडलं तर त्याच्यासाठी दोन ओळी. बाळा, तुझा अपमान झाला असेल तर तो खरा आहे आणि त्याची दाद मागणं तुझा हक्क आहे. आईला सांग, आवडत्या बाईंना सांग, चिठ्ठी लिही, १०९८ ला फोन कर. पण कुणाला घाबरवायचा बेत मनात आला, तर त्या बेताच्या वाटेवर आणखी कोण कोण येतं ते आधी मोज. खुर्ची पुसणारी मावशी, स्वच्छतागृहात जाणारी चौथीतली मुलगी, समुद्रात उडी घेणारा बोटवाला. ती माणसं तुझ्या बेतात नसतातच. घटना मात्र त्यांच्यावरच घडते.

आता सहलीपुरत्या काही विनंत्या. काशीदचं वेळापत्रक घड्याळावर बांधू नका, भरती-ओहोटीवर बांधा. जंजिरा आधी की काशीद आधी, हे त्या दिवशीच्या पाण्यावरून ठरवा. ओहोटी उतरत असताना मुलांना पाण्यात सोडू नका. वाळूवर उतरल्याबरोबर जीवरक्षकाला भेटा आणि मुलांना त्याच्या तोंडून चार वाक्यं ऐकवा. त्याचं मुलं ऐकतात, हे मी पाहिलं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या सुरूच्या बनातली पुष्कळ झाडं आडवी झाली, तरी जे उरलंय ते लपायला पुरेसं दाट आहे. म्हणून मुलांच्या जोड्या लावा, आणि जोडीदार दिसला नाही तर पाण्याकडे न धावता शिट्टी वाजवायची, हे शिक्षकांनीही पाठ करावं. पोहता न येणाऱ्या शिक्षकाने पाण्यात उतरू नये. सरांनी त्या दिवशी जे केलं त्याला मी मनोमन हात जोडतो, पण त्यांनी ते पुन्हा करू नये.

सहलीला निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या शिक्षकांना बसवून एवढंच ठरवा, की गाडीत कोणत्याही मुलाचा, मुलीचा पाणउतारा करायचा नाही. फोन सापडला तर पाकिटात घालून नाव लिहून ठेवायचा, उघडायचा नाही. शिक्षा करायचीच असेल तर परत गेल्यावर, शाळेत, पालकांसमोर.

शेवटी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल अशी मला आशा आहे. सरांची तब्येत आता ठीक असावी. बोटीवरच्या आमच्या पोराचा हात अजून डोक्याच्या वर जात नाही आणि दवाखान्याचा खर्च त्याच्या आईने उसनवारी करून भागवला आहे. त्याला तुम्ही भेटायला यावं. येताना त्या मुलालाही आणावं, आणि तो आता ज्या शाळेत असेल तिथून त्याला परत घ्यायचं की नाही, याचा विचार त्याच्या आईवडिलांना बरोबर घेऊन करावा. त्या मुलीच्या घरी आधी जावं. तारीख कळवली तर त्या दिवशीचं पाणी पाहून मी वेळ सांगेन. जेवणाची सोय आमच्याकडे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
मु. काशीद, ता. मुरूड, जि. रायगड